आबांच्या मजल्यावरचा स्कोअरबोर्ड

घरात प्लास्टिकचे डबे साठतात ना, तसे ऑफिसात किस्से साठतात. कुणी मुद्दाम आणत नाही. एक दिवस सहज कपाट उघडावं, तर धडाधड अंगावर! झाकण एकाचं, डबा दुसऱ्याचा, पण टाकवत एकही नाही. अंगावर काहीही पडलं की मी किंचाळते, हे आधीच सांगून ठेवते. कुकरची शिट्टी, टेबलावर थरथरणारा फोन, मागून कुणी हळूच म्हटलेलं 'सायली'... कशानेही. आमच्या ऑफिसात आता लोक दारातूनच खाकरत येतात.

ऑफिस डोंबिवलीच्या बाहेर, शीळ रस्त्याला लागून असलेल्या गावात. आता गाव कसलं म्हणा, बिल्डिंगाच. त्यातली एक दिनेशदादांच्या वडिलांची. खाली टाइल्सचं दुकान, मधल्या मजल्यावर दादांचं घर, वरच्या मजल्यावर आम्ही. दिनेशदादा मालक. ओंकार सीनियर, मूळचा साताऱ्याकडचा, त्यामुळे शांत आणि खवचट. आणि मी, ठाकुर्लीची, बीएस्सी आयटी.

आम्ही कबड्डीच्या स्पर्धांसाठी स्कोअरबोर्ड बनवतो. मैदानात एक जण फोनवर बटण दाबतो, आणि त्याच क्षणी मैदानातल्या मोठ्या स्क्रीनवर, देवळाच्या मंडपातल्या टीव्हीवर, घराघरातल्या मोबाइलवर आकडा बदलतो. यात दोन तयार गोष्टी आहेत. एक संदेश पोचवणारी लायब्ररी. दुसरा डेटा स्टोअर, जो सगळं रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या चालू आठवणीत धरून ठेवतो, म्हणून भयंकर फास्ट. या दोघांना एकमेकांशी बोलतं करणारा मधला सांधा मी लिहिलाय.

हे वाक्य मी आईला सांगितलंय, आईच्या भिशीतल्या बायकांना सांगितलंय आणि एकदा रिक्षावाल्यालाही. रिक्षावाला म्हणाला, "सुट्टे आहेत का?"

*

सगळ्यात आधी आबा. आबा म्हणजे दिनेशदादांचे वडील. एके काळी भातशेती आणि मिठागर, आता बिल्डिंगचे मालक. गुडघे गेलेत, आवाज नाही गेला. इमारत त्यांची, म्हणून वरचा मजला त्यांचा, म्हणून आम्हीही जवळजवळ त्यांचेच.

एकदा जिन्याच्या तोंडाशी त्यांनी मला अडवलं. अर्थात मी दचकले.

"पोरी, टाइल्सवाला टाइल्स इकतो. तुमी काय इकता?"

"सॉफ्टवेअर, आबा."

"दाखव."

आता काय दाखवू? मी लॅपटॉप उघडला, कोड दाखवला. आबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग जिन्याकडे तोंड करून ओरडले, "दिन्या! ही सगली अक्षरंच हाईत रं!"

त्याच आठवड्यात कळलं, की क्लासेसवाले एक मास्तर वरच्या मजल्यासाठी आबांच्या मागे लागलेत. दहावीच्या बॅचेस काढायच्यात. आबांनी दादांना सांगून टाकलं, "गावच्या स्पर्धेपर्यंत बसा. तुमच्या मशीनीचा गावाला उपेग झाला तर बघू. नाय तर मजला मास्तरला."

दादा हसत हसत वर आले आणि म्हणाले, "टीम, आपल्याला डेडलाइन मिळाली."

ठाण्यात काचेच्या ऑफिसांत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना डेडलाइन क्लायंट देतो. आम्हाला आबा!

*

वैशालीवहिनी म्हणजे दादांची बायको. शाळेत पीटी शिकवतात, कॉलेजात असताना कबड्डी गाजवलेली. स्पर्धेत बटण दाबायचं काम त्यांचं, म्हणून आधी त्यांना सगळं नीट समजावून सांगायचं होतं.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही आकडा पाठवला की तो कुणाकुणाकडे जातोय हे तुम्हाला माहीत नसतं. तुम्ही फक्त पाठवायचं. ज्यांनी कान लावलाय त्यांना मिळतं."

"म्हणजे म्हावरेवालीची हाक!" वहिनी म्हणाल्या. "ती मासळी घेऊन गल्लीत ओरडते. कोण ऐकतंय तिला काय माहीत? ज्याला पाहिजे तो बाहेर येतो."

"एकदम बरोबर!"

"आणि तेव्हा जो आंघोळीला गेलेला असेल तो?"

मी ओंकारकडे पाहिलं.

"त्याचं म्हावरं चुकलं," तो म्हणाला.

"मग तुमचं मशीन आणि म्हावरेवाली यात फरक काय?"

"म्हावरेवाली उद्या परत येते, वहिनी."

*

सांधा पहिल्यांदा जोडला तेव्हा काहीच चालेना. बोर्ड आकडे ऐकत होता, पण मी त्याच जोडणीवरून काही विचारायला गेले की डेटा स्टोअर उलट माझ्यावरच खेकसत होता. दोन दिवस मी त्याला घाबरून होते. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी कायमचं मोडलं.

ओंकारने येऊन पाहिलं आणि खुर्ची फिरवली. "अगं, या स्टोअरचा नियम आहे. ज्या जोडणीला ऐकायला बसवलंय, तिने फक्त ऐकायचं. मध्ये दुसरं काही विचारायचं नाही."

दिनेशदादा मागून म्हणाले, "काय शिस्त आहे यार! असं माणूस कुठे मिळतं का?"

"मग करायचं काय?" मी रडकुंडीला आलेले.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी एका वाक्यात आमचं आर्किटेक्चर ठरवलं.

"दोन जोडण्या ठेवा. आमच्या घरी बोलायला आबा आहेत, ऐकायला सासूबाई. चाळीस वर्षं सिस्टीम बंद पडलेली नाही!"

*

सरावाच्या मॅचचा किस्सा. नेट जाऊन परत आलं की आमचा बोर्ड पुन्हा कान लावायचा. यात चूक एवढीच, की आधीचा कान तो काढायचा नाही. म्हणजे नेट जितक्या वेळा गेलं-आलं, तितके कान वाढत गेले! गावातलं नेट, ते तर येत-जातच असतं.

त्यात दादांनी हौसेने पॉइंटला भोंगा लावलेला. एक पॉइंट, एक भोंगा.

वहिनींनी एक पॉइंट दाबला, आणि भोंगे सुरू झाले ते थांबेचनात. मैदानाच्या कडेला मी खुर्चीसकट मागे गेले. पण मी एकटी नाही! पलीकडच्या अंगणात रेड टाकायला निघालेला आमचा सगळ्यात दांडगा खेळाडू अर्ध्यातून 'कबड्डी कबड्डी' सोडून थेट मैदानाबाहेर पळाला.

पंच म्हणाले, "आउट!"

"ओ काका, मी घाबरलो नाय," तो धापा टाकत म्हणाला. "मी रस्ता दिला. मला वाटलं अग्निशमन आलं!"

सगळे हसले. मी मात्र खूश झाले. एवढा आडदांड माणूससुद्धा दचकतो, आणि तोही माझ्या कोडला!

*

मग ठाण्यातला डेमो. खोपटला, एसटी डेपोच्या मागे, एका क्रीडा मंडळाचा हॉल आहे. तिथल्या कमिटीला बोर्ड दाखवायला मी आणि दादा गेलो. समोर मोठा स्क्रीन, पुढे कमिटीची वयस्कर मंडळी, सगळ्यात पुढे अध्यक्ष, एकदम कडक इस्त्रीचे.

दादा सांगतायत, "सर, अचूकता हे आमचं वैशिष्ट्य..." आणि स्क्रीनवर आलं:

भेंडी १ – बटाटा ०

ओंकार ऑफिसात बसून चाचणी करत होता आणि त्याचं मशीन चुकून डेमोच्याच चॅनेलला जोडलेलं होतं. नावं त्याने समोर उघडलेल्या डब्यावरून घातलेली.

भेंडी २ – बटाटा ०

अध्यक्ष पुढे वाकले. "हा भेंडी संघ कुठल्या तालुक्याचा?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलायचं म्हटलं की उचकी लागते, म्हणून मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, "सर, तो आमच्या सीनियरचा डबा आहे. तो आत्ता डोंबिवलीच्या पुढे ऑफिसात बसलाय आणि तिथून बटण दाबतोय."

मी फोन लावला. "ओंकार, बटाट्याला एक दे."

त्याचं 'का' अजून माझ्या कानात होतं, तोवर स्क्रीनवर बटाट्याचं खातं उघडलंसुद्धा.

अध्यक्षांनी स्क्रीन पाहिला, फोन पाहिला, चष्मा काढून पुसला.

"डोंबिवलीहून ठाण्याला इतक्या लवकर आजवर काहीही आलेलं नाही!"

काम मिळालं नाही हो लगेच. ते म्हणाले, आधी तुमच्या गावच्या स्पर्धेत चालवून दाखवा, मग बोलू. पण परतताना दादांनी मला उसाचा रस पाजला आणि रसवाल्याला सांगितलं, "ही आमची इंजिनिअर." मी इकडेतिकडे पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून.

*

आंघोळीला गेलेल्या माणसाचं काय, हा वहिनींचा प्रश्न तसाच राहिलेला. तो सोडवायला आबांनीच लावलं.

सरावाच्या मॅचच्या मध्यात आबांनी घरचा टीव्ही लावला. बोर्ड कोरा! आधीच्या हाका होऊन गेलेल्या, पुढचा पॉइंट पडेपर्यंत काही दिसणार नव्हतं. आबांचा आवाज वरच्या मजल्यावर आला.

"दिन्या, हे तर माझ्यापेक्षा इसराळू!"

मग मी ते काम हातात घेतलं. वहिनींचं बटण दाबलं की हाक तर जायचीच, पण शेवटचा आकडा स्टोअरमध्येही राहायचा. नवीन आलेल्याने आधी तो विचारायचा आणि मग कान लावायचा. सोपं!

रात्रभर मला झोप नाही. विचारून झालं, कान लावायचाय, आणि त्या मधल्या फटीत पॉइंट पडला तर? तो गेलाच की! सकाळी येऊन मी सगळं उलटं केलं. आधी कान लावायचा, मग विचारायचं. आणि जुनं काही नंतर येऊन पोचलं तर ते ओळखून बाजूला टाकायचं.

ओंकार म्हणाला, "अगं, ती फट डोळ्याची पापणी लवण्याएवढी पण नाही. कोण पडणार आहे त्यात?"

"मी असते तर मी पडले असते," मी म्हटलं.

मग दिवसभर मी नेटची वायर काढत होते, घालत होते. बोर्ड बंद करत होते, चालू करत होते. दर वेळी आकडा बरोबर. तरी पुन्हा. शेवटी ओंकार उठला, माझ्या हातातली वायर काढून घेतली आणि दादांना म्हणाला,

"ही घाबरते ना, म्हणून आपलं सॉफ्टवेअर घाबरत नाही."

ओंकार असं बोलत नाही. त्यामुळे मी तेव्हाही दचकले.

*

आता स्पर्धा. फायनलला आमचं गाव आणि रस्त्यापलीकडचं गाव. आणि पलीकडचं गाव म्हणजे वैशालीवहिनींचं माहेर! बटण कुणाच्या हातात? वहिनींच्या. सकाळपासून त्यांना टोमणे. "वहिनी, अंगठा सासरचा ना आज?" वहिनी म्हणाल्या, "अंगठा माझा. तुम्ही पाय सांभाळा."

ओंकार ऑफिसात मशीनजवळ, मी आणि दादा मैदानातल्या मोठ्या स्क्रीनजवळ, आबा घरी टीव्हीसमोर. अंधार पडत आलेला, मैदानावर हॅलोजन लागलेले, माणसं कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली. अटीतटीची मॅच. शेवटच्या रेडला दोन्ही संघ बरोबरीत.

पलीकडच्या गावाचा रेडर आमच्या अंगणात आला, कोपऱ्यात पाय घातला, आमच्या पोरांनी त्याला धरला, तो फरफटत रेषेकडे... पंचांचा हात वर गेला...

आणि मैदानातली लाइट गेली.

मी किंचाळले. पण त्या वेळी सगळं गावच ओरडत होतं, त्यामुळे माझी किंकाळी वाया गेली.

अंधारात दोन्हीकडून एकच दंगा. "पॉइंट झाला!" "नाय झाला!" "हात वर गेला!" "कुणी बघितला?" मोठा स्क्रीन काळा. मी ओंकारला फोन लावला. "ऑफिसात लाइट आहे?"

"आहे. का?"

म्हणजे मैदानाचीच लाइन गेली होती. स्टोअर जिवंत होता.

तेवढ्यात लाइट आली. हॅलोजन हळूहळू पेटायला लागले, आणि त्यांच्या आधी आमचा बोर्ड चालू व्हायला लागला. सगळं मैदान एकदम त्याच्याकडे वळलं. फक्त स्क्रीनवरचं ते गोल गोल फिरणारं चक्र.

दादा माझ्या कानाशी आले. "सायली, काय येणार?"

मला कळत होतं ते काय विचारतायत. बरोबरी आली असती, तर गाव खूश, आबा खूश, मजला आमचा.

"जे आहे तेच येणार, दादा."

त्यांनी मान हलवली.

आकडा आला. पलीकडचं गाव एकाने पुढे.

त्यांच्या बाजूला जो जल्लोष झाला, तो मी सांगत नाही. आमच्या बाजूने आवाज आला, "सुनेने माहेरला पॉइंट दिला!"

पंच पुढे झाले. "मी हात वर केला, बाईंनी दाबला, मग लाइट गेली. बोर्डावर आलंय ते बरोबर आहे."

वहिनी खुर्चीवर उभ्या राहिल्या. "माहेरला द्यायचाच असता, तर एकच दिला असता होय?"

दोन-चार जण हसले. बाकीचे आबांकडे गेले. आम्हीही मागून गेलो. आबा हॉलमध्ये टीव्हीसमोर. त्यांच्या स्क्रीनवर तोच आकडा, मैदानातल्यासारखाच. माणसं बोलत राहिली, "तुमच्याच पोराच्या मशीनीने गाव हरवला, आबा." आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, टीव्ही बंद केला आणि आत गेले.

ज्यांना घरच्यांनी चाळीस वर्षं फक्त बोलताना ऐकलं, ते आबा गप्प झाले. दादांचा चेहरा मला बघवेना.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "ठाण्यात बघ गं आता. काचेचं ऑफिस तरी असेल."

मी म्हटलं, "आई, सगळं बंद पडून परत चालू झालं आणि आकडा एकानेसुद्धा चुकला नाही!"

मी जोरात बोलले होते. मी एरवी जोरात बोलत नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला आले, तर इमारतीखाली क्लासेसवाले मास्तर उभे. हातात मोजायची टेप. माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "वर खिडक्या किती आहेत हो?"

मी उत्तर न देता धावत वर गेले. ओंकार वायरी गुंडाळत होता, उगाच. दादा खिडकीत पाठमोरे. आणि तेवढ्यात जिन्यात पावलं. हळू, थांबत थांबत. गुडघे गेल्यापासून जे आबा या मजल्यावर कधी आले नव्हते, ते भिंतीला हात लावत वर आले. आम्ही सगळे उठून उभे.

आबा माझ्या खुर्चीत बसले. दम घेतला. खोलीभर पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"काल मैदानात लाइट गेली तवा तो आकडा कुठं व्हता?"

"इथे, आबा. या मशीनच्या आठवणीत."

"हिथली पन गेली आसती तर?"

दादांनी डोळ्यांनी मला खुणावलं, काहीतरी बरं सांग म्हणून. पण मी आधीच सांगितलंय, मला उचकी लागते.

"तर गेला असता, आबा. ही आठवण लाइट आहे तोवरच असते."

आबांनी मशीनच्या त्या काळ्या पेटीकडे निरखून पाहिलं. मग उठले आणि जसे आले तसे भिंतीला धरून खाली गेले. खालून मास्तरांचा आवाज आला, मग आबांचा, मग मास्तरांची स्कूटर चालू झाल्याचा.

खाली काय बोलणं झालं, विचारायची कुणाचीच हिंमत नाही. दादाही गेले नाहीत.

दुपारी जिन्यात पुन्हा पावलं. या वेळी जड, दोघांची. गावातला इलेक्ट्रिशियन आणि त्याचा भाऊ, दोघांच्या मध्ये एक भलीमोठी बॅटरी. ती त्यांनी माझ्या टेबलाशेजारी धप्पकन ठेवली. मी खुर्चीतून उडाले.

"मॅडम, कुठं जोडायची सांगा," इलेक्ट्रिशियन घाम पुसत म्हणाला. "आबांनी पाठवलीय. दुकानात माझं डोकं खाल्लं! वॉरंटी किती वर्षांची, वॉरंटी किती वर्षांची. मी म्हटलं, आबा, पाच वर्षांची आहे. तर म्हणतात,

'येवढीच?'"